कोल्ब बंधू आणि कोलोरॅडो नदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब या भावांबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्याने वाचणाऱ्यांसाठी आहेत. थोडीफार माहिती असेल तर थेट प्रश्न ७ पासून वाचलंत तरी चालेल.

१. हे कोल्ब बंधू नेमके कोण?

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातले दोन भाऊ. थोरला एल्सवर्थ, जन्म १८७६ चा. धाकटा एमरी, जन्म १८८१ चा. तरुणपणी दोघं ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनला आले, तिथे त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला आणि १९११-१२ च्या हिवाळ्यात दोन छोट्या होड्यांतून ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांचा प्रवास केला. या प्रवासात त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा सोबत नेला होता. कोलोरॅडोच्या दऱ्यांमधून होडीने जाताना चलत्‌चित्रण करणारे ते पहिले. एल्सवर्थने या प्रवासावर पुस्तक लिहिलं. एमरीने त्याची फिल्म आयुष्यभर लोकांना दाखवली.

२. ते ग्रँड कॅन्यनला आले कसे? श्रीमंत हौशी प्रवासी होते का?

अजिबात नाही. दरीच्या वरच्या दक्षिण काठापर्यंत रेल्वे आली १९०१ साली, आणि त्याच वर्षी एल्सवर्थ तिथे पोहोचला. एका हॉटेलात सामान उचलण्याचं, लाकडं फोडण्याचं काम त्याने धरलं. पुढच्या वर्षी एमरी आला. त्याला फोटोग्राफी येत होती. जवळच्या विल्यम्स गावातला एक छोटा फोटोचा धंदा दोघांनी विकत घेतला आणि काठावर ब्राइट एंजल या पायवाटेच्या तोंडाशी बस्तान बसवलं. सुरुवातीला नुसता तंबू होता. १९०४ पासून पक्कं बांधकाम सुरू झालं.

त्या काळी या वाटेचा ताबा राल्फ कॅमेरून नावाच्या माणसाकडे होता. खेचरावरून खाली उतरणाऱ्या प्रत्येक पर्यटकाकडून तो एक डॉलर पथकर घ्यायचा. त्याने कोल्ब बंधूंना जागा दिली, म्हणून त्यांचं दुकान उभं राहिलं. पुढे ही जागा टिकवायला त्यांना किती झगडावं लागलं ते प्रश्न १३ मध्ये आहे.

३. रोजचं काम काय होतं? नुसत्या निसर्गाच्या फोटोंवर पोट कसं भरायचं?

पोट भरायचं खेचरांवर बसलेल्या पर्यटकांच्या फोटोंवर. सकाळी खेचरांची रांग दरीत उतरायला लागली की वाटेच्या एका वळणावर ती थांबायची. स्टुडिओच्या खिडकीतून सगळ्यांचा फोटो काढला जायचा. संध्याकाळी दमूनभागून वर आलेल्या पर्यटकांच्या हातात तयार छापील फोटो पडायचा. एवढं ऐकलं तर सोपं वाटतं.

पण काठावर पाणी नव्हतं. फोटो धुवायला भरपूर स्वच्छ पाणी लागतं, आणि काठावर येणारं पाणी बाहेरून आणावं लागे. झरा होता तो दरीत, इंडियन गार्डन या ठिकाणी. तिथे जायचं म्हणजे ७ किलोमीटरची वाट आणि सुमारे ३,००० फुटांचा उतार. भावांनी तिथे छोटीशी डार्करूम केली. फोटो काढला की काचेच्या प्लेट पाठीशी बांधायच्या, खेचरांच्या आधी पळत खाली जायचं, प्लेट धुवायच्या, प्रिंट करायच्या, आणि खेचरं परत यायच्या आत तेवढाच चढ चढून वर पोहोचायचं. हे काम बहुतेक वेळा एमरी करायचा. कधी कधी एका दिवसात दोन खेपा व्हायच्या.

हे सविस्तर सांगायचं कारण असं की नदीवरचा प्रवास समजून घ्यायला हीच पार्श्वभूमी लागते. त्यांच्याकडे नावाड्याचा अनुभव फारसा नव्हता. पण या दरीत वर्षानुवर्षं जड सामान घेऊन खालीवर केल्यामुळे अंगात जे मुरलं होतं, ते नदीवर उपयोगी पडलं.

४. ते नेमके कोणत्या नदीवरून गेले? काही ठिकाणी ग्रीन लिहिलेलं असतं, काही ठिकाणी कोलोरॅडो.

दोन्ही बरोबर. ८ सप्टेंबर १९११ रोजी ते वायोमिंग राज्यातल्या ग्रीन रिव्हर या गावातून निघाले. ग्रीन ही नदी दक्षिणेला वाहत युटा राज्यात कोलोरॅडोला मिळते. तिथून पुढे कॅटरॅक्ट कॅन्यन, ग्लेन कॅन्यन, मार्बल कॅन्यन, ग्रँड कॅन्यन अशा दऱ्या ओलांडत १८ जानेवारी १९१२ रोजी ते कॅलिफोर्नियातल्या नीडल्स गावी पोहोचले. अंतर १,००० मैलांहून जास्त, म्हणजे १,६०० किलोमीटरच्याही पुढे.

मध्ये एक मोठा मुक्काम होता. १६ नोव्हेंबरला ते ब्राइट एंजल वाटेच्या पायथ्याशी पोहोचले, म्हणजे स्वतःच्या घराच्या खालीच. दरी चढून ते घरी गेले आणि १९ डिसेंबरला पुन्हा पाण्यात उतरले. हा काळ वजा केला तर प्रवास साधारण १०० दिवसांचा होतो.

५. त्यांच्याआधी या नदीवरून कोणीच गेलं नव्हतं का?

गेलं होतं, आणि कोल्ब बंधूंनी ते कधी लपवलं नाही. १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल हा एका हाताचा माजी सैनिक आणि भूशास्त्रज्ञ चार होड्या आणि दहाजणांची तुकडी घेऊन याच ग्रीन रिव्हर गावातून निघाला होता. शेवटी सहाजण दरीतून बाहेर पडले. १८८९ मध्ये रेल्वेमार्गाच्या पाहणीसाठी निघालेला फ्रँक ब्राऊन मार्बल कॅन्यनमध्ये बुडाला. त्याची पाहणी रॉबर्ट स्टँटनने पुढच्या वर्षी पूर्ण केली. १९०९ मध्ये ज्युलियस स्टोन हा उद्योजक नॅथॅनिएल गॅलोवे या फासेपारध्याला घेऊन गेला. गॅलोवेने होडी चालवण्याची जी पद्धत काढली, तिच्याशिवाय कोल्ब बंधूंचा प्रवास तडीस गेला असता असं मला वाटत नाही (प्रश्न ७).

थोडक्यात, दऱ्या पार करण्यात ते पहिले नव्हते. चित्रपटाच्या कॅमेऱ्यासह पार करण्यात पहिले होते. दोन्ही गोष्टींची गल्लत बऱ्याच ठिकाणी दिसते.

६. तिथले मूळ रहिवासी शतकानुशतकं राहत होते. मग यांना ‘शोधक’ का म्हणायचं?

प्रश्न रास्त आहे. हवासुपाई, हुआलापाई, होपी, नवाहो, पायूट या लोकांना ही दरी पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. ज्या झऱ्यावर कोल्ब बंधू फोटो धूत, तिथे हवासुपाई कुटुंबांची शेती होती. पुढे राष्ट्रीय उद्यानाच्या कारभारात त्यांना तिथून बाहेर काढलं गेलं. २०२२ साली इंडियन गार्डनचं नाव अधिकृतपणे बदलून हवासुपाई गार्डन्स करण्यात आलं. जुनी पुस्तकं आणि नवे नकाशे शेजारी ठेवून वाचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मी स्वतः त्यांना ‘शोधक’ म्हणण्यापेक्षा नदीचे नोंदकर्ते म्हणेन. नदी कशी दिसत होती, कशी आवाज करत होती, माणसाला कशी वागवत होती, याची नोंद त्यांनी चित्रांत आणि शब्दांत ठेवली. त्यांचं मोठेपण त्यात आहे.

७. होड्या कशा होत्या? आणि रॅपिडमध्ये त्या चालवायच्या कशा?

विस्कॉन्सिन राज्यातल्या रॅसीन शहरात बांधून घेतलेल्या दोन लाकडी होड्या, लांबी १६ फूट. एकीचं नाव एडिथ, दुसरीचं डिफायन्स. एडिथ हे एमरीच्या लहान मुलीचं नाव. (म्हणून ‘एडिथला खडकावर भोक पडलं’ असं कुठे वाचलंत तर दचकू नका.) होडीची दोन्ही टोकं वरून बंद होती. त्यात पाणी शिरू नये असे कप्पे केले होते. मधल्या उघड्या भागात एकच माणूस वल्ही घेऊन बसायचा. खाणं, अंथरूण, कॅमेरे, प्लेट, फिल्मची रिळं, सगळं या कप्प्यांत.

आता पद्धत. साधारण वल्हवणारा माणूस जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो आणि जोर लावून होडी पुढे ढकलतो. पॉवेलचे लोक तसेच गेले. पण रॅपिडमध्ये, म्हणजे खडकांवरून नदी उतारावर खळाळत सुटते तिथे, पाण्याला आधीच नको तितका वेग असतो. त्यात आपण भर घालायची आणि वर समोरचा खडकही दिसत नाही. गॅलोवेने हे उलटं केलं. माणूस प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो, होडीची मागची बाजू पुढे असते, आणि वल्ही प्रवाहाच्या विरुद्ध ओढायची. होडी पाण्यापेक्षा हळू जाते. खडक दिसतो, होडी तिरकी करायला वेळ मिळतो. आजही कोलोरॅडोवर वल्ह्यांच्या होड्या आणि राफ्ट चालवणारे रॅपिडमध्ये तोंड पुढे ठेवून, प्रवाहाविरुद्ध वल्ही ओढतात. सह्याद्रीत कुंडलिकेवर राफ्टिंग केलं असेल तर प्रवाहात दिशा बदलायला थोडा वेळ मिळणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

प्रत्येक मोठ्या रॅपिडच्या आधी किनाऱ्याला लागायचं, खडकांवरून चालत जाऊन पाणी पाहायचं आणि मग ठरवायचं: होडीत बसून जायचं, दोराने काठाकाठाने होडी सोडायची, की सामान उतरवून खांद्यावरून न्यायचं. बहुतेक वेळा एक होडी खाली नेऊन मग चालत परत यायचं आणि दुसरी न्यायची.

८. दोघंच होते का? कुठे तीन नावं दिसतात, कुठे चार.

निघताना तिघं होते. सॅन फ्रान्सिस्कोचा जेम्स फेगन हा तरुण मदतनीस म्हणून सोबत होता. पहिल्या काही आठवड्यांतच, युटामध्ये, तो परत फिरला. त्यात त्याला भित्रा म्हणण्यासारखं काही नाही. ओले कपडे, रोजची ओढाताण आणि माणसांचा मागमूस नाही, हे ज्याला नको वाटलं त्याने वेळेवर सांगितलं हे चांगलंच झालं. तिथून ब्राइट एंजलपर्यंत दोघे भाऊच होते. डिसेंबरमध्ये पुन्हा निघाले तेव्हा बर्ट लॉझन हा कसलेला माणूस त्यांच्याबरोबर आला आणि शेवटपर्यंत राहिला. आणखी एक भाऊ अर्नेस्ट काही टप्प्यापुरता सोबत होता. म्हणून कोणत्या टप्प्याबद्दल बोलतोय त्यावर नावांची संख्या बदलते.

९. वल्ही हातात असताना चित्रीकरण कसं केलं?

केलंच नाही. करणं शक्यच नव्हतं. त्या काळचा कॅमेरा हाताने मूठ फिरवून चालायचा. सेकंदाला साधारण दोन फेरे, न अडखळता, आणि कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट. वेग कमीजास्त झाला की पडद्यावर माणसं धावायला किंवा रेंगाळायला लागतात. म्हणून एक भाऊ खडकावर कॅमेरा लावून उभा राहायचा आणि दुसरा होडी घेऊन रॅपिडमध्ये उतरायचा. मग अदलाबदल.

या व्यवस्थेचा अर्थ नीट पाहा. होडी उलटली, तर मदतीला धावू शकणारा एकमेव माणूस त्या क्षणी मूठ फिरवत उभा आहे. मूठ सोडली तर दृश्य गेलं. नाही सोडली तर भाऊ जाऊ शकतो. त्यांच्या फिल्ममध्ये एका होडीत एकच माणूस लाटांमध्ये दिसेनासा होतो आणि पुन्हा वर येतो, तेव्हा काठावरच्या भावाचा हात थांबलेला नाही, हे लक्षात घेऊन ती दृश्यं पाहावीत.

कप्पे कितीही बंद केले तरी पाणी शिरायचंच. कॅमेऱ्यात पाण्याबरोबर बारीक रेती जायची. मग मुक्कामावर कॅमेरा सुटा करून, पुसून, वाळवून पुन्हा जोडायचा. एमरीचा या कामात हातखंडा होता. बिघडलेला कॅमेरा दुरुस्त करून घ्यायला शेकडो मैलांत दुकान नव्हतं.

१०. सगळ्यात मोठा अपघात कोणता?

वॉल्टेनबर्ग रॅपिडचा, २४ डिसेंबर १९११ चा. नाताळची आदली संध्याकाळ. हवा कडाक्याची थंड, पाणी बर्फासारखं. एल्सवर्थ डिफायन्स घेऊन पुढे गेला आणि त्याची होडी उलटली. तो पाण्यात. त्याला गाठायला एमरीने एडिथ घाईने रॅपिडमध्ये घातली आणि ती खडकावर आदळून बाजूला भगदाड पडलं. डिफायन्स वाचवायला लॉझन पाण्यात उतरला. तिघंही जिवंत राहिले, होड्याही हाती लागल्या.

नाताळचा दिवस दरीच्या तळाशी एडिथ दुरुस्त करण्यात गेला. फळ्या ठोकल्या, फटी बुजवल्या आणि पुढे निघाले. या अपघातात मला महत्त्वाची वाटते ती एमरीची घाई. एरवी प्रत्येक रॅपिड चालत जाऊन पाहणारा हा काटेकोर माणूस त्या वेळी काहीही न बघता उतरला, कारण भाऊ पाण्यात होता. पुढे या दोघांचं बिनसलं (प्रश्न १४), त्याबद्दल वाचताना हा दिवसही डोळ्यांसमोर असावा.

११. पुस्तकाच्या नावात मेक्सिको आहे. पण ते तर नीडल्सला थांबले ना?

दोघं थांबले. एल्सवर्थ थांबला नाही. नदी समुद्रापर्यंत पाहायची हे त्याच्या मनात राहिलं होतं. मे १९१३ मध्ये नदीला पूर असताना तो नीडल्सहून पुन्हा निघाला आणि कोलोरॅडो कॅलिफोर्नियाच्या आखाताला मिळते तिथपर्यंत, म्हणजे मेक्सिकोत, गेला. या टप्प्यात एमरी नव्हता. मॅकमिलनने १९१४ मध्ये छापलेल्या ‘थ्रू द ग्रँड कॅन्यन फ्रॉम वायोमिंग टू मेक्सिको’ या पुस्तकात दोन्ही प्रवास आहेत. प्रस्तावना ओवेन विस्टर या कादंबरीकाराची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकात दोघा भावांचा सचित्र लेखही आला.

पुस्तकाची भाषा साधी आहे. एल्सवर्थ स्वतःला वीर म्हणून रंगवत नाही. कुठे चुकलो, कुठे पाण्याचा अंदाज आला नाही, कुठे नशिबाने वाचलो, हे तो सरळ सांगतो. स्वामित्वहक्काची मुदत संपल्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ते फुकट वाचता येतं. सगळं वाचायला वेळ नसेल तर कॅटरॅक्ट कॅन्यनचा भाग आणि नाताळचा भाग तरी वाचा.

१२. ही फिल्म सर्वांत जास्त काळ चाललेली फिल्म आहे, असं म्हणतात ते खरं आहे का?

तसा उल्लेख वारंवार केला जातो आणि त्याला आधार आहे. प्रवासानंतर एमरी ती फिल्म घेऊन अमेरिकेच्या पूर्व भागात गावोगाव फिरला, स्लाइड आणि फिल्म दाखवत व्याख्यानं दिली. १९१५ मध्ये स्टुडिओला जोडून छोटं सभागृह बांधलं आणि तिथे ती रोज दाखवायला सुरुवात केली. एमरी १९७६ मध्ये वारला, तोपर्यंत ती चालू होती. साठ वर्षांहून जास्त. सुरुवातीला तो स्वतः पडद्याशेजारी उभा राहून सांगायचा. उतारवयात ध्वनिमुद्रित निवेदन वाजायचं, पण प्रेक्षकांसमोर येऊन प्रास्ताविक करणं त्याने सोडलं नाही.

ही फिल्म चित्रपटगृहांत देशभर लागून राहिली असा याचा अर्थ नाही. एकाच जागी, एकाच माणसाने, खेळामागून खेळ दाखवली. माझ्या मते त्यामुळे तिची किंमत वाढते. नव्वदी ओलांडलेला माणूस तिशीतल्या स्वतःला पडद्यावर लाटांत जाताना पाहतोय आणि समोरच्या पर्यटकांना तो रॅपिड समजावून सांगतोय, हे इतर कुठल्या फिल्मच्या वाट्याला आलेलं मला ठाऊक नाही.

काळाचा अंदाज यावा म्हणून एक नोंद: दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला तो ३ मे १९१३ रोजी. कोल्ब बंधूंचं चित्रीकरण त्याच्या दीड वर्ष आधीचं.

१३. स्टुडिओवरून वाद झाले होते म्हणे. कोणाशी?

मुख्यतः फ्रेड हार्वे कंपनीशी. ही कंपनी सांता फे रेल्वेच्या जोडीने हॉटेलं चालवायची. १९०५ मध्ये काठावर तिचं एल टोवार हॉटेल उघडलं. कोल्ब बंधूंचं दुकान पर्यटकांच्या अगदी वाटेवर होतं, त्यामुळे ते कंपनीच्या डोळ्यांत खुपायचं. १९१४ मध्ये कंपनीने मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंकडून शेजारीच लुकआउट स्टुडिओ बांधून घेतला. उद्देश उघड होता: काठावर येणाऱ्यांनी कोल्बकडे न जाता इथे यावं. (इमारत म्हणून तो अप्रतिम आहे, खडकातूनच वर आल्यासारखा. जाल तेव्हा जरूर पाहा.)

१९१९ मध्ये ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं आणि एमरीची गाठ सरकारी परवान्यांशी पडली. खासगी दुकान उद्यानात असावं का, त्याने व्याख्यानं द्यावीत का, बांधकाम वाढवावं का, यावरून वर्षानुवर्षं पत्रापत्री चालली. एमरी हेकट होता, भांडखोरही होता. पण तसा नसता तर तो स्टुडिओ आज उभा नसता, असं माझं स्पष्ट मत आहे. अखेर १९६२ मध्ये त्याने मालमत्ता उद्यान प्रशासनाला विकली. मरेपर्यंत तिथेच राहायचा हक्क मात्र राखून ठेवला.

१४. भाऊ वेगळे का झाले?

धंदा आणि स्वभाव, दोन्ही कारणं होती. एमरीला पत्नी ब्लांच आणि मुलगी एडिथ होती, तो काठावर घर करून राहणारा. एल्सवर्थ अविवाहित, सतत पुढच्या नदीच्या शोधात. १९१६ मध्ये त्याने बर्ट लोपर या नावाड्याबरोबर कोलोरॅडोचाच वेस्टवॉटर कॅन्यन पार केला. १९२२ मध्ये रॉयल थॉमस या वैमानिकाने दरीच्या आत, प्लॅटो पॉइंटवर विमान उतरवलं, तेव्हा मागच्या आसनावर एल्सवर्थ होता.

१९२० च्या दशकाच्या मध्यावर भागीदारी मोडली. स्टुडिओ कोणी ठेवायचा हे नाणं उडवून ठरवलं, आणि एमरी जिंकला, अशी आठवण सांगितली जाते. एल्सवर्थ लॉस एंजेलिसला गेला आणि १९६० मध्ये वारला. संबंध मात्र तुटले नाहीत. १९२८ च्या शोधात दोघं पुन्हा एकाच होडीत होते (प्रश्न १६).

१५. एमरी पुन्हा नदीवर गेला का?

गेला. १९२३ मध्ये अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण विभागाने क्लॉड बर्डसाय यांच्या नेतृत्वाखाली ग्रँड कॅन्यनची मोजणी केली. मुख्य नावाडी होता एमरी. धरणं कुठे बांधता येतील हे पाहणं हा त्या मोहिमेचा हेतू होता. तळाशी रेडिओ चालतो का हेही त्यांनी पाहिलं, आणि राष्ट्राध्यक्ष हार्डिंग वारल्याची बातमी त्यांना दरीत त्याच रेडिओवर कळली. सप्टेंबरमध्ये लाव्हा फॉल्सपाशी मुक्काम असताना नदी अचानक सुमारे २० फुटांनी चढली. रात्रभर होड्या वरवर ओढत राहावं लागलं.

१६. हाइड दांपत्य आणि स्टुडिओतला सांगाडा: खरं काय?

ग्लेन आणि बेसी हाइड हे नवविवाहित जोडपं १९२८ मध्ये स्वतः बांधलेल्या अवजड होडीतून ग्रीन आणि कोलोरॅडोच्या प्रवासाला निघालं. बेसीला ग्रँड कॅन्यन होडीने पार करणारी पहिली स्त्री व्हायचं होतं. नोव्हेंबरमध्ये ते काठावर येऊन एमरीला भेटले. त्याने त्यांचा फोटो काढला. त्यांच्याकडे जीवरक्षक जाकिटं नव्हती. एमरीने आग्रह केला, पण ग्लेनने ती घेतली नाहीत, असं सांगितलं जातं. पुढे ते बेपत्ता झाले. डिसेंबरमध्ये विमानातून त्यांची होडी दिसली. एमरी आणि एल्सवर्थ एक जुनी होडी डागडुजी करून शोधाला गेले. हाइड यांची होडी सरळ तरंगत होती, सामान जागच्या जागी. माणसं कधीच सापडली नाहीत.

एमरीच्या मृत्यूनंतर त्याच्या गॅरेजमधल्या जुन्या होडीत मानवी सांगाडा मिळाला आणि कवटीत गोळी होती. लगेच अफवा उठली की तो ग्लेनचा आहे आणि एमरीने खून केला. न्यायवैद्यक तपासणीत सांगाड्याचं वय आणि इतर खुणा ग्लेनशी जुळल्या नाहीत. तो ग्लेनचा नाही हे स्पष्ट झालं आहे. तरीही ही अफवा अजून नव्याने सांगितली जाते, आणि ज्या माणसाने त्या जोडप्यासाठी हिवाळ्यात जीव धोक्यात घातला त्याच्यावर ती अन्याय करते. कृपया पुढे पाठवू नका.

१७. त्यांनी पाहिलेली नदी आज तशीच पाहता येते का?

काही भाग येतो, बराचसा येत नाही. सुरुवातीचा फ्लेमिंग गॉर्ज आणि तिथला ॲशली फॉल्स आता फ्लेमिंग गॉर्ज धरणाच्या जलाशयाखाली आहे. कॅटरॅक्ट कॅन्यनचा खालचा भाग आणि जवळजवळ सगळा ग्लेन कॅन्यन १९६३ पासून पाणी अडवणाऱ्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या मागे, लेक पॉवेलमध्ये गेला. ग्रँड कॅन्यनच्या शेवटचे सेपरेशन आणि लाव्हा क्लिफ हे रॅपिड हूवर धरणाच्या फुगवट्याने बुडाले. सेपरेशनपाशीच पॉवेलचे तिघे साथीदार त्याला सोडून दरी चढून गेले होते.

मधला ग्रँड कॅन्यन वाहता आहे, पण पाणी बदललं आहे. कोल्ब बंधूंची नदी गढूळ, तांबूस होती, हिवाळ्यात गोठण्याच्या बेताला येणारी आणि उन्हाळ्यात कोमट. आज जलाशयाच्या खोल थरातून सोडलेलं पाणी बहुतेक वेळ स्वच्छ, हिरवट आणि थंड असतं. एल्सवर्थ ज्या मुखापर्यंत गेला तिथे नदी सहसा पोहोचतच नाही. २०१४ च्या वसंतात अमेरिका आणि मेक्सिकोने करार करून मुद्दाम पाणी सोडलं, तेव्हा काही दिवसांपुरती ती समुद्राला मिळाली.

म्हणून त्यांची फिल्म केवळ साहसाची नाही. बुडालेल्या दऱ्यांमधून वाहणारं पाणी हलताना दाखवणारा तो फार दुर्मीळ पुरावा आहे.

१८. आम्ही ग्रँड कॅन्यनला जाणार आहोत. काय काय पाहता येईल?

दक्षिण काठावर ब्राइट एंजल वाटेच्या सुरुवातीलाच कोल्ब स्टुडिओ आहे. १९९० च्या दशकात त्याची डागडुजी सुरू झाली. आता तिथे प्रदर्शन आणि पुस्तकांचं दुकान आहे. वाटेकडे उघडणारी, खेचरांच्या फोटोंची खिडकी विचारून पाहा. इमारत कड्याला बिलगून खाली उतरत गेली आहे. वरून एक मजली वाटते, ब्राइट एंजल वाटेने थोडं खाली जाऊन मागे वळून पाहिलंत की तिचा खरा आकार कळतो.

अंगात ताकद आणि हाताशी पूर्ण दिवस असेल तर हवासुपाई गार्डन्सपर्यंत चालत जा. उन्हाळ्यात दुपारी हा चढ चढू नका, पहाटे निघा आणि पाणी भरपूर घ्या. नदीवरून जायचं असेल तर परवानाधारक कंपन्यांच्या सहली आहेत, आणि स्वतःच्या होड्या नेणाऱ्यांसाठी उद्यानाची सोडत असते. दोन्हीसाठी खूप आधी नोंदणी लागते. मूळ फोटो, प्लेट, पत्रं आणि फिल्म फ्लॅगस्टाफ इथल्या नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या क्लाइन लायब्ररीत आहेत. त्यातला बराच भाग त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. दोघा भावांच्या कबरी काठावरच्याच पायोनियर दफनभूमीत आहेत.